मामाजींचं दुसरं मरण

माझे मामाजी दोनदा वारले. आमच्या भागात आत्याच्या यजमानांना मामाजी म्हणतात, तेच हे. पहिल्यांदा वारले तेव्हा ते घरामागच्या सांदवाडीत तणसाच्या ढिगाआड बसून मुरमुरे खात होते. दुसऱ्यांदा वारले ते खरेखुरे. पण सरकारनं पहिलं मरण लगोलग लिहून घेतलं आणि दुसरं मानायला साफ नकार दिला. त्या दुसऱ्या मरणाला मंजुरी मिळवण्यासाठी माझ्या आत्यानं एक अख्खा उन्हाळा कचेरीत काढला, आणि तिच्यामुळे मीही.

मी तेव्हा लग्न होऊन गोंदियात राहत होते. यजमान रेल्वेत होते, घर टेसनाच्या मागं. आत्याचं गाव नागऱ्याच्या पलीकडे. तिला मूलबाळ नव्हतं आणि मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, त्यामुळे कचेरीची तारीख असली की ती आदल्या दिवशी बैलगाडीनं माझ्याकडे येई. येताना वाटेत नागऱ्याच्या महादेवाला सांगून येई, की बाबा, तुझ्याकडे माणूस आलाय की नाही एवढं त्या साहेबाच्या कानात सांग. मला चार बुकं वाचता येत होती आणि बाजारची हिंदी बोलता येत होती, म्हणून कचेरीतली तिची वकील मीच.

आता पहिल्या मरणाचं सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल.

धान कापून झालं होतं. मामाजी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर उघड्या डोक्यानं बसले होते आणि एक कावळा येऊन त्यांच्या टाळूवर टेकला. टेकला, चोच मारली आणि उडाला. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची चिठ्ठी, असं आमच्याकडे सगळे मानतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. तो माणूस मेला अशी खबर सोयऱ्यांकडे धाडायची. त्यांनी मनापासून रडायचं. रडणं झालं की मरणाचं काम उरकलं असं धरतात आणि माणूस सुटतो. मग सगळ्यांना खरं सांगून कोंबड्याचं जेवण घालायचं.

दुसरं कोणी असतं तर एका बहिणीला खबर देऊन मोकळं झालं असतं. पण आमचे मामाजी हौशी. ते म्हणाले, करायचं तर नीट करायचं. घरात आत्या सोडून कोणाला काही सांगायचं नाही. गावातही नाही. म्हणजे गावच्या कोतवालालाही नाही. माणूस धाडून अर्जुनीला बहिणीकडे खबर दिली. ती बिचारी रेल्वेच्या लहान गाडीनं रडत आली. तिचं रडणं ऐकून डब्यातल्या बाया रडल्या, आणि त्यातल्या दोघी तर आपलं टेसन चुकून गोंदियापर्यंत आल्या. माझे बाबा म्हणजे आत्याचे भाऊ, ते शेत सोडून धावत आले. मीही यजमानांना उपाशी ठेवून पळाले. आत्या दारात बसून असा हंबरडा फोडत होती की मला काडीचा संशय आला नाही. मामाजी मागं तणसाआड बसून सगळं ऐकत होते. तासाभरानं हसत बाहेर आले आणि त्यांच्या बहिणीनं त्यांना आधी मिठी मारली आणि मग चपलेनं मारलं.

पुढं कितीतरी दिवस हा माणूस भेटेल त्याला त्याच्या रडण्याचा हिशोब सांगायचा. माझ्या बाबांना म्हणाले, ‘तुमचा आवाज तं मोठा होता भाऊजी, पन आसवं काई दिसले नाई.’ मला म्हणाले, ‘तू चांगली रडली बाई, तुले मी आंब्याचा झाड देईन.’ झाड काही दिलं नाही.

इकडे कोतवालानं आपलं काम केलं. गावातला जन्म आणि मरण वहीत टिपून आठवड्याला ठाण्यावर कळवायचं, हे त्याच्याकडे असे. मामाजी तणसाआडून बाहेर यायच्या आतच तो वही काखोटीला मारून ठाण्याला निघून गेला होता. परत आला तर मयत ओसरीवर बसून कोंबड्याची तंगडी चघळत होती. हे मामाजींना फार मजेचं वाटलं. कोतवालाला मात्र नाही, कारण खोटी नोंद दिली म्हणून ठाण्याच्या मुन्शीनं त्याला सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं. नोंद रद्द करायला मामाजींना स्वतः जावं लागलं. मुन्शीनं त्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मयत इसम समक्ष हजर होऊन जिवंत असल्याचे सांगतो, सबब नोंद रद्द.’ खाली मामाजींचा अंगठा. त्या दिवशी कोतवालानं शपथ घेतली की या घरातलं मरण आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मामाजी मंडईची जत्रा बघायला बहिणीच्या गावी अर्जुनीकडे गेले. रात्रभर दंडारीचं नाचगाणं पाहिलं, आणि तिथंच त्यांना पटकी झाली. दुसऱ्या दिवशी संपले. पटकीचा मुर्दा कोणी ठेवत नसे, तिथंच अग्नी दिला. त्या गावात इतकी माणसं जात होती की तिथल्या कोतवालानं आपल्याच गावच्या लोकांची नावं कशीबशी लिहिली. पाहुण्याचं त्याच्या गावचा लिहील, असं त्यानं धरलं.

आणि त्याच्या गावचा कोतवाल आत्याच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘कोंबडा कवा हाय?’

कोणीच विश्वास ठेवला नाही. खबर घेऊन आलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी चहा पाजला आणि डोळे मिचकावले. माझ्याकडे निरोप आला तेव्हा यजमान म्हणाले, मामाजींचा कावळा आता वर्षाला येऊ लागला वाटतं. बाबा तर तिसऱ्या दिवशी आरामात निघाले, पिशवीत मसाला वाटून घेतलेला आणि मोहाची एक बाटली. दारात आत्याचं मोकळं कपाळ पाहिलं तेव्हा त्यांना कळलं. ते पायरीवर बसले आणि पिशवी पाठीमागं लपवायला लागले. हे मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

दहावं-तेरावं झालं. आत्या शेत करत राहिली. एक हंगाम गेला. आणि मग मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दिवाणजीला जाग आली. आत्याची बांधी तलावाच्या अगदी खाली होती, पावसानं ओढ धरली तरी शेवटचं पाणी तिला मिळायचं. ती आपल्या मेहुण्याला मिळावी अशी दिवाणजीची फार दिवसांची इच्छा. त्यानं गावात सांगायला सुरुवात केली की कूळ जमीन सोडून परागंदा झालंय. दंडारीतल्या कोण्या नाच्यासंगं निघून गेला, नागपुरात गिरणीत दिसला, असंही सांगितलं. टाकलेली जमीन मालगुजार दुसऱ्याला देऊ शकतो. बायको जमिनीवर राहू शकते, पण नवरा मेला असेल तर. आत्यानं म्हटलं, मेलाच आहे. दिवाणजी म्हणाला, कागद दाखव.

कागद मागायला आम्ही ठाण्यावर गेलो. मुन्शी तोच. त्यानं जुनं रजिस्टर काढलं, रेघ मारलेली नोंद वाचली आणि म्हणाला, ‘माई, रजिस्टर में तो जिंदा है.’

मी म्हटलं, तो मागचा घोळ. आता खरंच गेलेत.

‘जिंदा भी खुद आके बोला है. अंगूठा है.’

‘मुन्शीजी, मरा हुआ आदमी अंगूठा कैसे लगाएगा,’ मी म्हटलं. मला आता राग यायला लागला होता.

‘वही तो मैं बोल रहा हूँ,’ मुन्शी म्हणाला.

इतक्या उशिरा नवीन नोंद करायची तर तहसीलदारसाहेबांच्या कोर्टातून हुकूम आणा, एवढी वाट मात्र त्यानं दाखवली. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसानं अर्ज लिहून दिला. दिवाणजीनं हरकत घेतली. पाऊस पडून धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आत हुकूम मिळाला नाही, तर बांधीत दिवाणजीचा मेहुणा नांगर घालणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. ती बांधी गेली असती तर उरलेला जन्म तिला भावाच्या दारात काढावा लागला असता, आणि माझी आई कशी होती ते मला माहीत आहे.

तहसीलदारसाहेब पुण्याकडून नवीन बदलून आलेले. भला माणूस, पण आमचं बोलणं त्यांना अर्धं कळे आणि कावळ्याचं तर मुळीच कळलं नाही.

‘कावळा डोक्यावर बसला, म्हणून मृत्यूची नोंद केली?’ त्यांनी विचारलं.

‘नाई जी,’ कोतवाल साक्षीला उभा होता, तो म्हणाला. ‘रडणं आयकलं म्हून केली.’

‘आणि दुसऱ्या वेळी रडणं ऐकलं नाही?’

‘आयकलं जी. खबर घेऊन आला तो माणूस रडून राहिला होता.’

‘मग नोंद का केली नाही?’

‘रडणं आयकलं म्हून नाई केली.’

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. चपराशाला वाटलं त्यांना कावळ्याची रीत समजावी, म्हणून त्यानं स्वतःच्या पागोट्यावर हाताचा पंजा ठेवून कावळा कसा टेकतो ते दाखवलं, मान वाकडी करून चोचही मारून दाखवली. कोर्टातली माणसं आपापले कावळे सांगू लागली. एकाच्या सासूवर तीनदा बसला होता आणि ती अजून ठणठणीत होती, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. साहेबांनी विचारलं, ‘तुमच्या गावात असे किती लोक खोटे मरतात?’ कोतवाल विचार करून म्हणाला, ‘कावळे लय हायेत जी.’ त्या दिवसाचं काम तिथंच संपलं. बाहेर पडताना साहेबांनी झाडाखाली पोचायच्या आधी टोपी घट्ट दाबून बसवली, ते मी पाहिलं.

पुढच्या तारखेला दिवाणजी बोलला. तो हरामखोर होता, पण बोलायचा चांगलं. म्हणाला, ‘सायेब, या घरच्या लोकाहीनं एका डावा जित्त्या माणसाले मारून कोंबडा खाल्ला. आता म्हणून राहिले खराच मेला. काऊन मानावं? मी सांगतो, इचा नवरा जित्ता हाय. आज ना उद्या येईन.’ आणि आत्याकडे वळून मोठ्या मायेनं म्हणाला, ‘बाई, तुझा नवरा जित्ता हाय. कायले त्याले मारून राहिली?’

हे तो प्रत्येक तारखेला म्हणे. आत्या प्रत्येक तारखेला त्याच्याशी भांडे. ‘मेला, मेला, मेला,’ असं भर कोर्टात ओरडे आणि साहेब टेबलावर हात आपटत. मला हसू आवरत नसे, पण तोंडावर पदर घेऊन हसावं लागे, कारण मी दुखवट्यातल्या घरची.

माझ्या बाबांची साक्ष झाली. दिवाणजीनं विचारलं, पहिल्या वेळी रडलात का. बाबा म्हणाले, लय रडलो. दुसऱ्या वेळी? बाबा खरं बोलणारे, ही आमच्या घरची अडचण. म्हणाले, ‘नाई रडलो. कोंबड्याचा मसाला घेऊन गेलो होतो.’ दिवाणजी साहेबांकडे बघून नुसता हसला. आत्यानं त्या संध्याकाळी भावाला माझ्या घरी जेवायला वाढलं, पण भाजी वाढताना पळी ताटात अशी आपटली की रस्सा त्यांच्या धोतरावर उडाला.

शेवटी अर्जुनीहून मामाजींची बहीण आली. गुडघे दुखतात म्हणून ती तोवर आली नव्हती. तिनं शपथ घेतली आणि सांगितलं की आपल्या मांडीवर भावाचा जीव गेला, आपण तोंडात पाणी घातलं, आपल्या नवऱ्यानं अग्नी दिला. दिवाणजीनं तिलाही विचारलं, की बाई, मागच्या वेळी तुम्ही आगगाडीभर रडत आल्या, तेव्हा तुमचा भाऊ कुठं होता? म्हातारी कठड्याला धरून उभी होती. ती म्हणाली, ‘तणसात होता. म्हून मी त्याले चपलेनं मारलं. आता कोनाले मारू, ते तू सांग.’ आणि तिनं खरोखरच पायातली चप्पल काढली. चपराशानं धावत जाऊन ती धरली. दिवाणजी दोन पावलं मागं सरकला आणि नंतर त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

मग साहेबांनी आत्याला पुढं बोलावलं. आवाज हळू केला होता.

‘बाई, पहिल्या वेळी तुम्हाला ठाऊक होतं की हे खोटं आहे?’

‘हो जी.’

‘तरी तुम्ही रडलात?’

‘जोरानं रडली. कावळ्याले आयकू जावं म्हून.’

‘आणि दुसऱ्या वेळी?’

‘दुसऱ्या डावा नाई रडली.’

‘का?’

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही भांडणार. पण ती साधं बोलली. ‘पयल्या डावा तो मागं बसून आयकून राहिला होता जी. मले मालूम होतं, हा आयकते आन हासते. म्हून मी चांगली रडली. दुसऱ्या डावा घरात आयकनारा कोनी नव्हता. आन लोक म्हणले असते, नाटक करून राहिली. मंग कायले रडू?’

त्या चपराशाच्या हातात अजून म्हातारीची चप्पल होती. साहेबांनी लिहायला घेतलं. त्यांनी वाचून दाखवलं ते मला सगळं समजलं नाही, पण एवढं कळलं की सदर इसम मयत झाल्याबद्दल कोर्टाची खात्री पटली आहे, ठाण्यानं नोंद घ्यावी. मुन्शीला त्याच दिवशी हुकूम गेला. त्यानं नवीन नोंद केली आणि जुन्या नोंदीकडे दोनदा पाहून घेतलं. नव्या नोंदीखालीही सवयीनं अंगठ्याला जागा सोडली होती, ती मग त्यानं रेघ मारून बंद केली.

आभाळ भरून आलं होतं. बाबा मामाजींच्या बहिणीला घेऊन टेसनावर गेले, लहान गाडी गाठायची होती. आत्या आणि मी घराकडे निघालो. मी फार खुशीत होते. दिवाणजीचं तोंड कसं झालं होतं त्याची नक्कल करत होते, पऱ्हे टाकायला माणसं कुठून आणायची ते सांगत होते, आणि घरी जाऊन भजी तळू असं म्हणत होते. आत्या मागं मागं चालत होती. मला वाटलं थकली असेल.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती. आम्ही बैलगाड्यांच्या मागं उभ्या राहिलो.

‘आत्या, जिंकली ना तू,’ मी म्हटलं.

‘हो,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘दर तारखेले तो दिवाणजी म्हणे, तुझा नवरा जित्ता हाय. मुन्शी म्हणे, जिंदा है माई. मी त्याहीच्यासंगं भांडून राहिली होती.’

‘मग? भांडायलाच पाहिजे होतं.’

‘हो. पन आयकाले बरं वाटे वं.’

मालगाडी आली आणि लांबलचक जात राहिली. तिच्या आवाजात बोलता येत नव्हतं. ती गेल्यावर फाटकवाल्यानं फाटक उघडलं, गाडीवाल्यांनी बैलांना हाकललं, आणि आत्या माझ्या हाताला धरून म्हणाली, ‘आता कोनी म्हणनार नाई.’

मग ती तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि रडू लागली. मामाजी गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. मागचे गाडीवान ओरडत होते, बाई बाजूला व्हा. मी तिच्याजवळ बसले आणि तिचं रडणं होईपर्यंत आम्ही उठलो नाही.